गॅस नसलेली खोली

लातूरच्या ट्यूशन एरियात गौरम्माच्या मेसचा पत्ता विचारला, तर माणूस आधी तुमच्या पोटाकडं बघतो आणि मग हात करतो. दुपारी साडेबाराला ज्या बोळातून फोडणीचा ठसका येतो आणि ज्याच्या तोंडाशी चाळीसेक सायकली एकमेकींच्या अंगावर लोळत असतात, तो बोळ. पाटी नाही. एकदा पाटी लावली होती, पण तिच्यावर पोरांनी चपात्यांचा हिशेब रंगवून ठेवला, म्हणून काढली.

अठरा वर्षांपूर्वी तीन पोरांच्या डब्यावर सुरू झालेली ही मेस आता साठ ताटांवर गेली आहे. डॉक्टर व्हायचं म्हणून निम्म्या महाराष्ट्राची लेकरं लातुरात येऊन पडतात. त्यांतली डॉक्टर किती होतात ते निकाल सांगतो, पण सगळी गौरम्माच्या हातची तुरीची आमटी खाऊन जातात, हे आमची गल्ली सांगते. गौरम्मा बावन्न वर्षांची. कपाळावर भस्माची बारीक आडवी रेघ, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, आणि आवाज असा की दुसऱ्या मजल्यावर झोपलेलं पोरगं ‘जेवायला ये’ म्हटल्यावर गादीसकट खाली येतं.

तिचे यजमान महादेवप्पा. गंजगोलाईत त्यांचं परकर-पोलक्याच्या कापडाचं दुकान आहे. माणूस सज्जन, पण आयुष्यभर एकाच शब्दावर संसार ओढलेला. तो शब्द म्हणजे ‘बघू’. पंखा बिघडला, बघू. पोरीचं स्थळ आलं, बघू. गौरम्मानं लग्नानंतर दुसऱ्या वर्षी विचारलं होतं, “अहो, समुद्र कसा असतोय हो?” त्यावरही ते म्हणाले होते, “बघू की एकदा.” त्याला आता तीस वर्षं होत आली.

म्हणजे गौरम्मा कुठं गेलीच नाही असं नाही. औराद शहाजानीला महादेवप्पांच्या मावशीकडं दहा वेळा गेली. उदगीरला बारशी-लग्नं झाली. कपिलधारच्या यात्रेला जाऊन आली. सगळीकडं राहण्याची सोय फुकट, आणि सगळीकडं पाय ठेवल्या ठेवल्या कुणीतरी परात पुढं सरकवायचं. “आली बाई गौरम्मा! आता काही फिकीर न्हाई.” कपिलधारला तर तीन दगड मांडून तिनं चाळीस माणसांची खिचडी केली आणि दर्शन घेतलं ते परतीच्या गाडीचा भोंगा वाजल्यावर.

यंदा मात्र लेकीनं डाव टाकला. मंजुषा नांदेडला दिलेली. तिनं मार्चमध्येच सगळ्यांची पनवेलची तिकिटं काढून टाकली. गाडी नांदेडहूनच सुटते आणि लातुरावरून जाते. तिनं तिकडून नवरा-पोरांसह बसून यायचं, बाकीच्यांनी लातूरला चढायचं. पनवेलहून पुढं एसटीनं मुरुड, म्हणजे जंजिऱ्याजवळचं, समुद्रावरचं. हे शेवटचं सांगावं लागतं, कारण आपल्या जिल्ह्यातही मुरुड आहे. महादेवप्पांनी गंजगोलाईत नुसतं “मुरुडला जायलोत सुट्टीला” एवढंच सांगितलं, तर शेजारचे माणिकप्पा म्हणाले, “मग मुक्काम कशाला करता? दुपारच्या एसटीनं जा आन चहाला परत या.”

मेसला वर्षातून एकदाच उसंत असते. मेमध्ये डॉक्टरकीचा पेपर झाला की पोरं गावाला पळतात आणि नवी बॅच येईपर्यंत बारा दिवस भांडी पालथी पडतात. त्यांतले सात दिवस गौरम्मानं समुद्रासाठी काढले. नेमका हाच काळ साऱ्या दुनियेच्या सुट्टीचा. तिकिटं झाली, पिशव्या काढून झाल्या, पण राहायचं कुठं, याचा पत्ता नाही. महादेवप्पांचं म्हणणं, “गेल्यावर बघू. लॉज काय पळून जायलंय का?”

पेपरच्या दुसऱ्या दिवशी सोमेश मोबाईल घेऊन बसला. सोमेश हा थोरला, बँकेत आहे, त्यामुळं घरात त्याच्या बोलण्याला व्याज मिळतं. शेजारी त्याची बायको अक्षरा. तिनं एकेक खोली मोठ्यानं वाचायची आणि महादेवप्पांनी कळवळायचं, असा कार्यक्रम तासभर चालला.

“साडेचार हजार. एका खोलीचे.”

“महिन्याचे?”

“दिवसाचे, पप्पा.”

“खोलीत काय सोनं पुरलंय?”

“समुद्र दिसतो म्हणे खिडकीतून.”

“मग खिडकी बंद करून कितीला देतो इचार.”

माणसं दहा. तीन पोरं धरून. शिवाय सगळं घर शाकाहारी आणि तिकडं जिथं तिथं मासळी. स्वस्त बघावं तर जेवण मासळीचं, शाकाहारी बघावं तर भाव आभाळाला. महादेवप्पांचा चेहरा हळूहळू उजळू लागला. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “मी काय म्हणतो, तिकिटं रद्द करू. औरादला मावशीचं घर अर्धं रिकामंच हाय. तेरणा नदी हाय. पाणी ते पाणीच.”

“मे महिन्यात तेरणेला पाणी?” अक्षरानं विचारलं.

“वाळू तर हाय! समुद्रावर बी वाळूच असती.”

तेवढ्यात सोमेश ओरडला, “घावलं! आई, घावलं!” मुरुडजवळच एका इमारतीत तीन खोल्यांचं बिऱ्हाड, दिवसाला तीन हजारांत सगळेच्या सगळे दहा जण. “आन ऐका, सैपाकघर हाय! गॅस हाय, कुकर हाय, तवा हाय, मिक्सर बी हाय! आपलं आपण करून खायचं. मासळीचा प्रश्नच मिटला.”

घरात वरात आल्यासारखं झालं. मंजुषाला नांदेडला फोन लागला. जावई अमरेशराव फोनमधून म्हणाले, “भारी झालं! मामींच्या हातचं जेवण आन समोर समुद्र. अजून काय पाह्यजे!” दानम्माअक्का, महादेवप्पांच्या थोरल्या विधवा बहीण, इतका वेळ माळ ओढत बसल्या होत्या. त्यांनीही मान डोलावली. “सोबत ज्वारीचं पीठ घ्या म्हणजे झालं. पाच किलो पुरे.”

“दहा घ्या,” महादेवप्पा म्हणाले. औराद हुकल्याचं दुःख त्यांनी तेवढ्यात गिळलं होतं.

सगळे आनंदात असताना एकटी गौरम्मा शेंगा निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि सोमेशला विचारलं, “त्या सैपाकघराला कुलूप लावता येतंय का?”

“कुलूप? कामून?”

“कुलूप लावून किल्ली मालकाकडं ठेवायची. न्हाईतर मी येत न्हाई.”

सोमेशला वाटलं, आई थट्टा करतेय. गौरम्मा थट्टा करते तेव्हा आधी स्वतः हसते. आता ती हसली नव्हती.

“अठरा वर्षं झाली,” ती म्हणाली, “साठ ताटं दोनदा. मी सुट्टीला जायलेय का बदलीवर? जिथं गॅस हाय तिथं मी न्हाई. तुम्ही जावा खुशाल. कुकरच्या शिट्ट्या मोजत समुद्र बघा.”

“अगं पण दहा माणसांचं तर हाय,” महादेवप्पा म्हणाले. “तुला दहा म्हणजे चिल्लर.”

आता हे वाक्य नवऱ्यानं बायकोला केव्हा म्हणू नये, याचं पुस्तक निघालं तर त्याच्या पहिल्याच पानावर हा प्रसंग छापावा. गौरम्मा उठली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, “चार दिवस हायेत गाडीला. खोली मी बघते. समुद्र जवळ, भाव आपल्याला झेपंल असा, जेवण बिनमासळीचं, आन ते दुसऱ्यानं केलेलं. घावली तर जाऊ. न्हाई घावली तर तिकिटं रद्द करा आन घाला मला तुमच्या तेरणेच्या वाळूत.”

महादेवप्पांनी सोमेशकडं डोळा मारला. बँकेतल्या पोराला मोबाईलवर जे सापडलं नाही ते या बाईला कुठं सापडणार? त्यांनी मावशीला औरादला फोन करून गाद्या उन्हात टाकायलाही सांगून टाकलं.

पण महादेवप्पा एक गोष्ट विसरले. त्यांच्या बायकोच्या फोनमध्ये जी दौलत होती, ती बँकेतही नव्हती. मेसमध्ये आलेल्या प्रत्येक पोराचा, पोरीचा आणि त्यांच्या आयांचा नंबर. आणि ती नावं ठेवायची रीत अशी, की वाचणाऱ्याचं पोट भरावं. ‘सांगोला वांगं नको’. ‘परतूर रडकी’. ‘पुसद सात चपात्या’. ‘सोलापूर आई लई बोलती’. आडनाव कुणाचंच नाही. माणूस ओळखायचा तर ताटावरून, हे तिचं शास्त्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन ती ओट्यावर बसली आणि कोकणाकडची माणसं हुडकू लागली. ‘रत्नागिरी भात भात’ची आई म्हणाली, “काकू, घर पाहुण्यांनी भरलंय हो, मी स्वतःच माळ्यावर झोपते.” ‘चिपळूण चोरून लोणचं’चा बाप म्हणाला, आमच्याकडून समुद्र दोन तास लांब आहे. ‘पेण दूध पीत नाही’नं फोनच उचलला नाही. दुपारपर्यंत गौरम्माचा कान तापून लाल झाला आणि महादेवप्पा जेवायला घरी आले ते शीळ घालत.

“मावशीनं गाद्या टाकल्यात उन्हात,” ते म्हणाले.

“टाकू द्या. ढेकणं तरी मरतील,” गौरम्मा म्हणाली आणि पुढचं नाव दाबलं. ‘बिलोली कारलं चालतं’.

ही धम्मप्रिया. बिलोलीच्या मारोती मास्तरांची मुलगी. दोन वर्षं मेसमध्ये होती आणि त्या अख्ख्या बॅचमध्ये कारल्याची भाजी मागून घेणारी ती एकटीच. पुढं सरकारी कॉलेजात लागली, डॉक्टर झाली. बिलोली समुद्रापासून जितकी लांब तितकं दुसरं काही लांब नाही. पण गौरम्माला तिच्या आईनं, नागुबाईनं, दिवाळीला सांगितलं होतं की पोरीला वर्षभराची सरकारी नोकरी लागलीय, कुठं तर ‘पाण्याच्या कडंला’.

“जय भीम, काकू! कशा हायेत? पाय कसे हायेत? सूज उतरली का?” डॉक्टर झाली की पोरगी आधी पाय विचारते.

“जय भीम, जय भीम. पायाचं राहू दे. तू पाण्याच्या कडंला हायेस म्हणं. कंचं पाणी?”

“अरबी समुद्र, काकू. मुरुडच्या अलीकडं एक गाव हाय, तिथल्या दवाखान्यात. खिडकीतून दिसून राहिला बघा.”

गौरम्मा ओट्यावरून उठून उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. दहा माणसं, सात दिवस, गॅस नको. धम्मप्रिया आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, “काकू, माझं क्वार्टर एका खोलीचं, नाहीतर इथंच या म्हटलं असतं. पण थांबा. एक बाई हायेत, सुगंधाताई म्हात्रे. समुद्राला लागून घर, वर खोल्या पाहुण्यांना देतात, जेवण करून घालतात. आन त्या पंधरा दिवसांपासून माझ्यामागं लागून राहिल्यात. त्यांच्या पोरीला डॉक्टरकीच्या ट्यूशनला लातूरला टाकायचंय. रोज येतात दवाखान्यात. रक्तदाब तपासायच्या निमित्तानं इचारतात, डॉक्टर, लातूरला पोरगी राहंल कुठं, खाईल काय?”

“मग तू काय सांगितलंस?”

“मी म्हणले, माझी एक काकू हाय.”

संध्याकाळी पाच वाजता दोन बाया फोनवर समोरासमोर आल्या. दोघीही माणसं पोसून पोट भरणाऱ्या. अशा दोघींमध्ये सौदा सुरू झाला की बाजार समितीतल्या आडत्यांनी वह्या घेऊन शिकायला बसावं.

“वहिनी, माझा सीझन आहे हा,” सुगंधाताई म्हणाल्या. “मे महिन्यात एका खोलीचे अडीच हजार घेते मी. शाकाहारी थाळी दोनशे.”

“थाळीत चपात्या किती?”

“चार.”

“मोजून?”

“आता चार म्हणजे मोजूनच की हो.”

“आमच्याकडं मोजत न्हाईत, ताई. मोजून वाढलेलं अन्न अंगी लागत न्हाई. डॉक्टरीणबाईला इचारा.”

मग सुगंधाताईंचा आवाज बदलला. “खरंच नाही मोजत? मी ऐकलं होतं, तिकडं मेसमध्ये तिसरी चपाती मागितली की बघतात पोराकडं.”

“बघत असतील. माझ्या घरी बघत न्हाईत.”

“माझी पोरगी मासळीशिवाय एक दिवस राहिलेली नाही, वहिनी.”

गौरम्मानं इथं खोटं बोलायचं ठरवलं असतं तर सौदा एका मिनिटात झाला असता. ती म्हणाली, “मासळी माझ्या घरात यायची न्हाई. अंडं बी न्हाई. पहिले पंधरा दिवस पोरगी रडंल. सोळाव्या दिवशी शेंगाची चटणी मागून घेईल. उपाशी झोपायची न्हाई, एवढी जबान देते. वरच्या खोलीत एक खाट हाय, खिडकीजवळची. तीन जण मागायलेत ती. अजून कुणाला दिलेली न्हाई.”

खिडकीजवळच्या खाटेचं नाव काढलं आणि सुगंधाताईंचा सीझन संपला.

तासाभरात ठरलं ते असं : पोरीला खाट गेल्या वर्षीच्या भावानं, आणि गौरम्माच्या माणसांना खोल्या मे महिन्यात पावसाळ्याच्या भावानं. थाळी दीडशे, चपात्या पोटभर. फुकट काहीच नाही. सुगंधाताई म्हणाल्या होत्या, “तुमच्याकडून काय घ्यायचं वहिनी, या अशाच,” पण गौरम्मानं ठणकावून सांगितलं, “फुकट राहायला लागलं की मी ताट उचलायला उठते, आन ताट उचललं की भांडी घासते. पैसे घ्या म्हणजे मला बसता येईल.” हे वाक्य ऐकून सुगंधाताईंच्या शेजारी बसलेल्या धम्मप्रियाला ठसका लागला म्हणतात.

रात्रीच्या जेवणाला गौरम्मानं हे सगळ्यांना वाढलं. आमटीसारखंच, सगळ्यांना सारखं. सोमेशनं भाव ऐकून मोबाईल काढला, पुन्हा आकडा घातला, आणि मोबाईल खिशात परत ठेवला. अक्षरानं टाळीच वाजवली. महादेवप्पा म्हणाले, “बघू,” आणि मग स्वतःलाच ते कसं वाटलं कोण जाणे, घाईनं म्हणाले, “म्हणजे, जाऊ.”

आणि तेव्हाच दानम्माअक्कांनी ताटातला हात थांबवला.

“मासळीच्या घरचं मी पाणी बी पिणार न्हाई,” त्या म्हणाल्या. “सत्तर वर्षं लिंग सांभाळलं, ते काय खाडीत बुडवायला? तुमचं तुम्ही खा. माझ्यापुरत्या गौरम्मा दोन भाकरी टाकील. एखादी शेगडी न्या सोबत. दोन भाकरीनं काय होतंय?”

सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. खरंच की, दोन भाकरी! “शेगडी मी बघतो,” महादेवप्पा म्हणाले. “आपल्या दुकानात स्टोव्ह पडलाय.”

गौरम्माला दोन भाकरी म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं. दोन भाकरीला लागून एक चहा असतो. चहाला लागून पोरांचं दूध. दूध झालं की जावई म्हणणार, मामी, स्टोव्ह तापलाच हाय तर धपाटे. तिसऱ्या दिवशी ती कपिलधारच्या तीन दगडांपुढं बसलेली असणार, फक्त समोर डोंगराच्या जागी समुद्र. अठरा वर्षांची तिची सुट्टी त्या दोन भाकरींवर येऊन अडकली होती आणि घरात एकालाही तसं वाटत नव्हतं.

अक्कांशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. गौरम्मा वाद घालायला गेलीच नाही. तिनं फोन उचलला, एकमेकींचं तोंड दिसेल असा सुगंधाताईंना लावला आणि अक्कांच्या हातात देऊन म्हणाली, “अक्का, तुम्हीच इचारा.”

समोर गोरीपान, गजरा माळलेली बाई बघून अक्का आधी बावरल्या. मग ‘शरणार्थ’ म्हणत हात जोडले आणि सरळ मुद्द्यावर आल्या. “बाई, तुमच्या चुलीवर काय शिजतंय ते आम्हाला चालत न्हाई. राग धरू नका.”

“राग कसला, अक्का?” सुगंधाताई म्हणाल्या. त्या फोन घेऊन चालू लागल्या. आतल्या खोलीत एक लाकडी कपाट होतं. त्यांनी ते उघडलं. आत पितळेची पातेली, परात, पळ्या, तवा, सगळं चिंचेनं घासून आरशासारखं. “ही आमची गणपतीची भांडी. वर्षातून पाच दिवस निघतात. गणपती घरात असला की मासळीचं भांडं उंबऱ्याच्या आत येत नाही, आमची माणसंसुद्धा बाहेर खाऊन हातपाय धुऊन आत येतात. मागच्या पडवीत त्याची चूलही वेगळी. तुम्ही येणार त्या दिवशी ही भांडी काढते. तुम्ही दहा जण म्हणजे माझे दहा गणपती, असं समजते. झालं?”

दानम्माअक्का बघत राहिल्या. पितळ घासलेलं कसं आहे, हे त्या डोळे बारीक करून तपासत होत्या. “ती खालची पळी दाखवा,” त्या म्हणाल्या. पळी दाखवली. “पालथी करा.” पालथी केली.

“पूजेला बसायला जागा?”

“तुळशीसमोर पडवी आहे. सकाळी तिथं कुणी येत नाही.”

अक्कांनी फोन गौरम्माच्या हातात दिला आणि जेवण पुढं चालू केलं. दोन घास खाऊन झाल्यावर म्हणाल्या, “आपल्या घरातली पितळं बघा कशी काळी पडलीत. अक्षरा, शिक जरा.”

“मग स्टोव्ह?” महादेवप्पांनी विचारलं.

“स्टोव्ह कशाला? गणपती कुठं स्टोव्ह घेऊन येतोय का?” अक्का म्हणाल्या.

त्या आठवड्यात गल्लीत दुसरा विषय नव्हता. गौरम्मानं कोकणात काय केलं असेल नसेल, ती जायच्या आधीच आमच्याकडं सगळं बोलून झालं होतं. कुणी म्हणे, बंगलाच घेतलाय. कुणी म्हणे, ती तिकडं मेस काढतेय. औरादच्या मावशीला मात्र गाद्या पुन्हा घरात ओढाव्या लागल्या, आणि त्यांनी महादेवप्पांना फोनवर जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पनवेलला उतरून, दोन एसट्या बदलून दहा जण त्या घरापुढं पोचले तेव्हा दारात धम्मप्रिया गळ्यात दवाखान्याची नळी तशीच अडकवून उभी होती. पोरं सामान टाकून पाण्याकडं पळाली. महादेवप्पा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांच्यामागं. गौरम्मा मात्र पायरीवर बसली. चप्पल काढली, पाय पसरले, आणि समोर पसरलेल्या त्या पाण्याकडं कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. “एवढं?” एवढंच म्हणाली.

पहिल्या दिवशी ती जेवायला बसली तेव्हा दोनदा अर्धी उठली. मंजुषानं पदर धरून खाली बसवली. दुसऱ्या दिवशी एकदाच उठली, तेही पाणी घ्यायला. सकाळी आठपर्यंत झोपली, तेव्हा महादेवप्पांनी घाबरून धम्मप्रियाला बोलावलं. तिनं नाडी बघून सांगितलं, “काही न्हाई, काका. सुट्टी झालीय काकूला.”

तिसऱ्या दिवशी दुपारी खरी परीक्षा आली. पडवीत दहा पाट मांडलेले. पितळेच्या पातेल्यातून वरण वाढून झालं. पहिला घास घेतला आणि सगळ्या पंगतीचे हात एकदम थांबले. वरणात मीठच नव्हतं. त्यात वर चिंच पडली होती, तीही दुप्पट. सोमेशनं अक्षराकडं बघितलं. अमरेशरावांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. महादेवप्पांचा घास तोंडात तसाच राहिला आणि हळूहळू सगळ्यांचे डोळे वळले ते गौरम्माकडं. साठ ताटांचं मीठ जी नुसत्या वासावर ओळखते, ती.

सुगंधाताईंच्या लक्षात आलं. त्या कासावीस झाल्या. “वहिनी, काहीतरी बिघडलंय का हो? तुमच्या चवीचं मला जमत नाही. जरा बघता का येऊन? चूल पेटतीच आहे.”

दानम्माअक्काही म्हणाल्या, “जा गं गौरम्मा. दोन मिनिटांचं काम.”

गौरम्मानं वरणात बोट बुडवून चाखलं. डोळे मिटले. बोटावरची सगळी चव तिच्या जिभेला कळली असणार, कुठं काय कमी, किती चिमूट लागेल, गूळ कधी टाकायचा. तिच्या उजव्या हाताची बोटं पाटाच्या कडेवर जराशी हललीसुद्धा. मग तिनं डोळे उघडले, ताट पुढं सरकवलं आणि सुगंधाताईंना म्हणाली,

“काय बी कमी न्हाई, ताई. झकास झालंय. अजून दोन पळ्या वाढा.”

तिनं ते वरण भातावर घेतलं, सगळं खाल्लं, ताट पुसून घेतलं. बाकी नऊ जणांनीही मग मुकाट्यानं खाल्लं. कुणाची काय बिशाद होती. ताटं उचलायला सुगंधाताई पुढं आल्या, तेव्हा गौरम्मानं फक्त हात धुतले, पदर खोचला आणि पाण्याकडं निघाली.

“अगं, एवढ्या उन्हात?” महादेवप्पा ओरडले. “थोडं पडू दे ऊन. संध्याकाळी बघू.”

“तुम्ही बघा संध्याकाळी,” ती मागं न वळता म्हणाली, “मी आत्ता जायलेय.”

आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली.